निगेटिव्ह, पण किती वाजताची?

सोसायटीतल्या एका मुलाचा गुरुवारी फोन आला. "काका, बाबांना काल कोविड निघाला. घरच्या किटवर माझी टेस्ट मात्र निगेटिव्ह आहे, साधी शिंकसुद्धा नाही. रविवारी वृद्धाश्रमात गेलो तर चालेल ना?" दर रविवारी तो तिथल्या आजी-आजोबांना पेपर वाचून दाखवतो. अशा मुलाला नको म्हणणं जिवावर येतं. तरी विचारलं, टेस्ट कधी केलीस? म्हणाला, आज सकाळी.

म्हणजे गुरुवारच्या नाकावरून तो रविवारचं ठरवत होता.

घरी करायचं किट विषाणू वाढवून बघत नाही. प्रयोगशाळेतल्या आरटी-पीसीआर चाचणीत दर फेरीला जनुकीय धाग्याच्या प्रती दुप्पट होतात, त्यामुळे कणाचाही डोंगर होतो. किटच्या पट्टीत ती सोय नाही. नमुन्याचे थेंब कागदावरून सरकतात, त्यातली विषाणूची प्रथिनं रंगीत प्रतिपिंडांना (अँटीबॉडींना) चिकटतात आणि 'टी' या खुणेपाशी अडकतात. पुरेशी गर्दी झाली तरच रेघ दिसते. म्हणून निगेटिव्ह म्हणजे 'विषाणू नाही' असं नव्हे. 'रेघ उमटण्याइतका आत्ता तरी नाही', एवढंच.

आणि हे 'आत्ता' फार लवकर शिळं होतं. समजा, विषाणू दर ४ तासांनी दुप्पट होतोय. १२ तासांत ८ पट, २४ तासांत ६४ पट, दोन दिवसांत ४,०९६ पट! रेघेसाठी लागतो त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका विषाणू आज सकाळी नाकात असेल तर पट्टी कोरी, आणि उद्या दुपारी तेच नाक पॉझिटिव्ह.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये १८ ते २९ वयाच्या ३६ निरोगी जणांनी आपल्या नाकात मुद्दाम कोविडचा विषाणू सोडून घेतला. तेही स्वयंसेवकच! १८ जणांना लागण झाली. घशात विषाणू सापडायला सरासरी ४० तास लागले, नाकात ५८ तास, आणि तो शिगेला पोचला पाचव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे लागण होऊनही पहिले दीड-दोन दिवस हाती काहीच लागत नाही. हा मूळ विषाणूचा हिशेब. ओमिक्रॉनने लागण ते लक्षणं हे अंतर तीनेक दिवसांवर आणलं. त्यातही लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना संसर्ग देऊ शकतो, त्यामुळे 'शिंकसुद्धा नाही' या वाक्यात फारसा दम नाही.

"पण काका, आई रोज सगळ्यांना काढा देतेय." प्यावा की, घशाला बरं वाटतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढतो असले निरोप फिरत होते, त्यातलाच हा भाबडेपणा. दुप्पट होणाऱ्या विषाणूला काढ्यातल्या आल्याची भीती वाटत नाही.

मग जायचं की नाही? सेवा कुठली, यावर ते आहे. मैदानात मास्क लावून रोपांना पाणी घालायचं असतं तर मी इतकं ताणलं नसतं. इथे बंद खोली, ऐंशीच्या घरातली माणसं आणि तासभर मोठ्याने वाचन. मोठ्याने बोलताना तोंडातून तुषार जास्त उडतात.

"बरं, मग लांब राहायचे दिवस कधीपासून मोजू?" हा प्रश्न मला आवडला. बाबा वेगळ्या खोलीत असते तर त्यांच्याशी शेवटचा संपर्क आला त्या दिवसापासून. पण यांचं घर वन बीएचके, संडास एकच. रोज नवा संपर्क, म्हणजे रोज घड्याळ पुन्हा शून्यावर. २०२० मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा नियम असाच होता: वेगळं राहता येत नसेल तर रुग्णाचं विलगीकरण संपल्यावर तुमचे १४ दिवस सुरू. रुग्णाचे १० धरले तर एकूण २४! आता इतकं कुणी पाळत नाही, पण मोजणीचं तत्त्व तेच आहे.

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "वृद्धाश्रमाच्या ऑफिसात स्पीकरवाला फोन आहे. त्यावरून वाचू का?"