ऐन मुहूर्तावर दिवे का थरथरतात?

भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ परवा घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात, सगळं संथ गतीत. आणि मागच्या दिव्यांच्या माळा मात्र धाप लागल्यासारख्या कमी-जास्त होताहेत. थोरली मावशी पुटपुटली, "ऐन मुहूर्तावर दिवे असे का करतात गं?" अपशकुन वगैरे काही नाही. दृष्ट काढायचीच असेल तर कॅमेऱ्याच्या शटरची काढा. 'स्लो मोशन 120 एफपीएस' (म्हणजे सेकंदाला 120 चित्रं) असं पॅकेजच्या पत्रकावर ठळक छापलं होतं, आणि घोटाळा त्याच आकड्यात होता.

आपली वीज 50 हर्ट्झची. म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं, पण प्रत्येक आवर्तनात दाब दोनदा शिखर गाठतो, एकदा या दिशेने, एकदा त्या. दिव्याला दिशेशी देणंघेणं नसतं, त्यामुळे तो सेकंदाला 100 वेळा उजळतो आणि मंदावतो. जुन्या पिवळ्या बल्बची तापलेली तार मधल्या क्षणात फारशी निवत नाही. स्वस्तातल्या एलईडी माळेला असा साठा नसतो. ती खरोखरच विझते-पेटते. डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही.

शटर 1/50 सेकंद उघडं ठेवलं, तर प्रत्येक चित्रात उजेडाचे बरोबर दोन ठोके मावतात. 1/100 ठेवलं तर एक. मोजायला ठोक्याच्या मध्यापासून सुरुवात केली तरी बेरीज तीच. म्हणून सगळी चित्रं सारखी उजळ. 120 एफपीएसला मात्र एका चित्राच्या वाट्याला फार तर 1/120 सेकंद येतो, आणि त्यात अख्खा ठोका मावतच नाही. कुणाला शिखर मिळतं, कुणाला दरी. 120 आणि 100 यांच्या वजाबाकीतून 20 हर्ट्झची लहर उठते. हे चित्रण 25 एफपीएसने दाखवलं की काळ 4.8 पट ताणला जातो आणि ती लहर सेकंदाला साधारण 4 वर उतरते. मावशीला दिसली ती हीच. 100 एफपीएस आणि शटर 1/100 ठेवलं असतं, तर एका चित्राला एक ठोका आणि गती चौपट संथ. 4.8 ऐवजी 4 पट, कुणाला कळलं असतं? (डीजेचे दिवे वेगळे. त्यांचा ठोका त्यांच्या आतल्या सर्किटवर ठरतो, तिथे हे गणित चालत नाही.)

अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, म्हणून 120 ठोके. न्यू जर्सीतल्या मराठी लग्नात हाच कॅमेरा याच आकड्यावर गुण्यागोविंदाने चालला असता. अनेक कॅमेऱ्यांच्या मेनूत 'पाल' (25, 50 एफपीएसची पद्धत) की 'एनटीएससी' (30, 60 ची) असं विचारतात ते यासाठीच. इथे पाल. विधींना 25, वरातीतल्या नाचाला 50. 'सिनेमॅटिक 24' चं माहात्म्य बोलपटांच्या काळापासूनचं. 24 आणि 25 नुसत्या डोळ्यांनी ओळखणाऱ्याला मी चहा पाजीन.

50 निवडताना पुढचं अक्षर बघा. 'पी' म्हणजे दर वेळी पूर्ण चित्र. 'आय' म्हणजे आधी विषम ओळी, 1/50 सेकंदानं सम ओळी, आणि दोन्ही विणून एक चित्र. जुन्या काचेच्या टीव्हीवर ही काटकसर खपून जायची. पण सेकंदाला 3 मीटर वेगानं पडणारा अक्षतेचा दाणा तेवढ्यात 6 सेंटिमीटर खाली आलेला असतो. लॅपटॉपवर थांबवून पाहिलं, तर एकाच चित्रात तो दोन जागी, दोन्हीकडे कंगव्याच्या दातांसारखा चिरलेला. आज 'आय' निवडायला मला तरी कारण दिसत नाही.

आईवडिलांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून घेणार असाल, तर मात्र दुकानदाराला सांगा: त्यातल्या '50आय' चं '25पी' नको, '50पी' करा. नाहीतर टिपलेल्या क्षणांतले निम्मे वाया जातात.