फळबागेसाठी राज्याचे अनुदान: भाऊसाहेब फुंडकर योजनेची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

महाराष्ट्रात फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी 1990-91 पासून जोडली गेली आणि कोरडवाहू भागातही आंबा, डाळिंब, सीताफळ यांच्या बागा उभ्या राहिल्या. मात्र त्या वाटेने अनुदान मिळवायचे तर जॉबकार्ड आणि धारण क्षेत्र यांच्या अटी आड येत, त्यामुळे हंगामी पिकाला फळझाडांची जोड देऊ इच्छिणारे अनेक शेतकरी बाहेर राहिले. त्यांच्यासाठी राज्य शासनाने 2018-19 पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू केली. रोजगार हमीच्या निकषांत जे बसतात त्यांनी आधी तिकडची चौकशी करावी, कारण ही योजना मुख्यतः तेथे न बसणाऱ्यांसाठी आहे.

लाभ वैयक्तिक शेतकऱ्यालाच मिळतो, संस्थेला मिळत नाही. सातबारा अर्जदाराच्या नावे असावा लागतो. खाते सामाईक असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते आणि सातबाऱ्यावर कुळाचे नाव असेल तर कुळाचीही संमती लागते. वनहक्क मिळालेले शेतकरीही पात्र आहेत. कोकणात किमान 0.10 हेक्टर ते कमाल 10 हेक्टर आणि उर्वरित महाराष्ट्रात किमान 0.20 हेक्टर ते कमाल 6 हेक्टर अशी क्षेत्रमर्यादा आहे. या मर्यादेत एकापेक्षा अधिक फळपिके लावता येतात, परंतु पूर्वी शासकीय योजनेतून लावलेल्या बागेचे क्षेत्र मर्यादेतून वजा होते. आंबा, काजू, पेरू, चिकू, डाळिंब, सीताफळ, संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू, नारळ, आवळा, चिंच, जांभूळ, कोकम, फणस आणि अंजीर ही बहुवार्षिक पिके योजनेत आहेत.

'शंभर टक्के अनुदान' हे शब्द नीट समजून घेतले पाहिजेत, कारण पुढची बहुतेक निराशा येथूनच सुरू होते. खड्डे खोदणे, कलमे किंवा रोपे लावणे, पीक संरक्षण आणि नांग्या भरणे (म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावणे) या ठरलेल्या कामांचा मापदंडाप्रमाणे होणारा खर्च शासन देते. जमीन तयार करणे, माती व शेणखताने खड्डे भरणे, आंतरमशागत आणि कुंपण हे शेतकऱ्याने स्वतः करायचे असते. ठिबक संचासाठी वेगळ्या सिंचन योजनेत अर्ज करावा लागतो. हेक्टरी रक्कम पीक आणि लागवडीचे अंतर यांवर ठरते: आंबा 10 बाय 10 मीटरवर लावला तर हेक्टरी 100 झाडे बसतात आणि 5 बाय 5 मीटरवर 400, त्यामुळे अर्जात नोंदवलेले अंतर आणि शेतातले अंतर एकच असले पाहिजे.

अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर शेतकरी योजनांच्या विभागात, फलोत्पादन या घटकाखाली करायचा असतो. एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य आहे, म्हणून तो नसल्यास आधी तो काढावा आणि आपले सर्व गट त्याला जोडले गेले आहेत का, हे पाहावे. अर्जाचे शुल्क 23 रुपये 60 पैसे आहे. पूर्वी निवड सोडतीने होत असे. 2025 पासून प्रथम अर्ज करणाऱ्यास प्राधान्य हे तत्त्व लागू झाले आहे, त्यामुळे कागदांतील त्रुटी दूर करण्यात घालवलेला वेळ आता थेट क्रमांकावर परिणाम करतो.

कागदपत्रे मोजकीच आहेत: सातबारा आणि 8-अ यांचे अलीकडचे उतारे, आधार, बँक पासबुक, आवश्यक तेथे संमतीपत्र, अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांसाठी जातीचा दाखला आणि निवडीनंतर हमीपत्र. खरी अडचण बहुधा दोन ठिकाणी येते. पहिली नावाची. सातबाऱ्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल किंवा वडिलांच्या निधनानंतर वारस नोंद झालेली नसेल, तर ती दुरुस्ती अर्जापूर्वीच तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) कार्यालयातून करून घ्यावी. दुसरी अडचण बँक खात्याची. खात्याला आधार जोडणे आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी ते खाते निवडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाहून अधिक खाती असतील तर शेवटी ज्या बँकेत ही निवड नोंदवली, तेथेच पैसे जातात, आणि ते खाते बंद असेल तर हप्ता अडकतो.

निवड झाल्याचा संदेश म्हणजे मंजुरी नव्हे. कागदपत्रे अपलोड केल्यावर त्यांची छाननी व जागेची पाहणी होते आणि त्यानंतर पूर्वसंमती मिळते. ती हाती येण्यापूर्वी खड्डे खोदू नयेत, कलमेही खरेदी करू नयेत, कारण आधी झालेला खर्च अनुदानात धरला जात नाही. पावसाळा जवळ येत असताना हे थांबणे जड जाते हे खरे, पण याच घाईत पात्र शेतकऱ्यांचे हक्काचे पैसे बुडतात, म्हणून हा नियम मी आग्रहाने सांगतो. कलमे शासकीय, कृषी विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त खासगी रोपवाटिकेतूनच घ्यावीत आणि पक्के बिल जपून ठेवावे.

अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के अशा हप्त्यांत मिळते. पुढच्या हप्त्यांसाठी झाडे जगण्याचे प्रमाण 80 ते 90 टक्क्यांच्या घरात राखावे लागते. ते त्याहून कमी झाले तर मात्र जास्तीच्या नांग्या शेतकऱ्याने स्वखर्चाने भरून ते पूर्ण करायचे असते. म्हणूनच क्षेत्र ठरवताना कमाल मर्यादा पाहण्याऐवजी एप्रिल-मे महिन्यांत विहिरीत किती पाणी उरते, हे पाहावे. उन्हाळ्यात जगवता येईल एवढीच बाग मागितली तर तिन्ही हप्ते मिळण्याची शक्यता मोठ्या क्षेत्रापेक्षा कितीतरी अधिक असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीची पाहणी आपोआप होईल असे गृहीत धरू नये. गावाच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक) ती वेळेवर मागावी, आणि विलंब होत असल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.