टेराफॉर्मची वही हरवली तर काय?

क्लाउडवर, म्हणजे मोठ्या कंपनीकडून इंटरनेटवरून भाड्याने, सर्व्हर घ्यायचा म्हणजे वेबसाइटवर लॉगिन करा, हे बटण दाबा, तो पर्याय निवडा, झालं काम. दोन-चार सर्व्हर असतील तोवर ठीक आहे पण 40 झाले की कोणी कधी काय दाबलं होतं ते कुणालाच आठवत नाही, आणि तसाच दुसरा सेटअप उभा करायचा म्हटलं की घाम फुटतो. म्हणून हे सगळं आता कोडमध्ये लिहून ठेवतात. अ‍ॅमेझॉनने त्यासाठी 2011 मध्ये क्लाउडफॉर्मेशन आणलं, 2014 मध्ये हॅशिकॉर्पचं टेराफॉर्म आलं जे अ‍ॅमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट सगळ्यांकडे चालतं.

कोड म्हटलं की वाटतं एकेक पायरी लिहायची असेल, तसं नाहीये. मांडववाल्याला आपण टेम्पो काढ, गोडाउनला जा असं सांगत बसतो का? हॉलमध्ये 200 खुर्च्या पाहिजेत, बस. 150 त्याने आधीच लावल्या असतील तर तो 50 आणतो, 200 असतील तर हातही लावत नाही. टेराफॉर्मच्या फाइलमध्येही मुंबई रीजनला 3 सर्व्हर पाहिजेत एवढंच लिहायचं, तीच फाइल दहा वेळा चालवली तरी सर्व्हर 3च राहतात.

पण हॉलमध्ये दुसऱ्यांच्याही खुर्च्या असतात ना, मग आपल्या कुठल्या हे कळायला मांडववाला वही ठेवतो. टेराफॉर्मची वही म्हणजे स्टेट फाइल, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जपायची गोष्ट हीच. ती हरवली तर त्याच्या लेखी हॉल रिकामा, तो परत सगळं नव्याने उभं करायला निघतो. ती एकाच्याच लॅपटॉपवर ठेवू नका, आणि कोडसोबत गिटमध्ये, म्हणजे टीमच्या कोडचे सगळे बदल जपून ठेवणाऱ्या साठ्यात, तर अजिबात टाकू नका कारण त्यात पासवर्ड उघडे पडलेले असू शकतात. सगळ्यांना पोचेल अशा स्टोरेजवर ठेवा आणि लॉक लावा, म्हणजे एकाच वेळी दोघं जण त्यात लिहिणार नाहीत.

आमच्याकडे एकदा रात्री घाईत एकाने वेबसाइटवरून हाताने एक पोर्ट, म्हणजे सर्व्हरवर बाहेरून यायचं एक दार, उघडला, कोडमध्ये लिहायचं राहिलं. आठवड्याने दुसऱ्याने टेराफॉर्म चालवलं आणि पोर्ट बंद, कारण कोडमध्ये तो नव्हताच. कोडमध्ये एक आणि प्रत्यक्षात दुसरंच, याला ड्रिफ्ट म्हणतात. वाईट याचं वाटतं की काही बदलायच्या आधी टेराफॉर्म प्लॅन दाखवतं, त्यात हे स्पष्ट लिहिलेलं होतं, कुणी वाचलंच नाही.

त्या प्लॅनमध्ये डिस्ट्रॉयचा, म्हणजे किती गोष्टी पाडणार त्याचा, आकडा शून्य नसेल तर तिथेच थांबा. अ‍ॅमेझॉनच्या चालू डेटाबेसला एन्क्रिप्शनची, म्हणजे डेटा सांकेतिक रूपात ठेवायची, सेटिंग नंतर लावायला गेलात तर टेराफॉर्म ती जागच्या जागी बदलत नाही, जुना डेटाबेस पाडून नवा कोरा उभा करायला बघतं. प्रिव्हेंट डिस्ट्रॉय नावाची एक ओळ डेटाबेसच्या कोडमध्ये असेल तर ते पाडापाडीला नकार देऊन एरर दाखवतं. आम्ही ती पहिल्या दिवशीच लिहितो.