गणपतीपुळ्याचा समुद्र ‘खाली’ ओढत नाही

गणपतीपुळ्याचं पाणी पाय धरून तळाशी खेचतं, हा समज चुकीचा आहे. ओढ असते ती बाहेर, खोल समुद्राकडे. फुटलेल्या लाटांचं पाणी वाळूच्या उंचवट्यांमधल्या खोलगट वाटेने परत जातं. वेग कधी सेकंदाला २ मीटरपर्यंत. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून नेमकी तीच जागा शांत दिसते आणि लोक तिथेच उतरतात! बुडतात ते बहुतेकदा प्रवाहाविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे पोहून दमल्यामुळे. सापडलात तर पाठीवर तरंगा, हात वर करून हाका मारा. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत फेसाळ लाटांकडे सरका, मग तिरके बाहेर या. दुसरा सापडला तर मागोमाग उडी मारू नका. दोर किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका, जीवरक्षकांना बोलवा. पावसाळ्यात तर गुडघाभर पाण्यातही उतरू नका.