गाव आणि शहर : मतभेदापेक्षा जुना जागांचा हिशेब

गाव एका बाजूला आणि शहर दुसऱ्या बाजूला मतदान करतं, याचं कारण बहुतेक जण श्रद्धा, शिक्षण किंवा राहणीमानात शोधतात. त्यात तथ्य आहेच. पण मागे गेलं तर भांडण जास्त रोखठोक होतं : धान्याला भाव किती, आणि सभागृहात जागा कुणाला किती.

ब्रिटनमध्ये १८१५च्या धान्य कायद्याने स्वस्त परदेशी गहू अडवला. जमीनदारांचं फावलं, गिरणी कामगारांचा पाव महागला. १८४६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी हे कायदे मोडीत काढले आणि त्यांचाच पक्ष फुटला. त्याआधी, १८३२ पर्यंत, मँचेस्टरसारख्या उद्योगनगरीचा स्वतःचा एकही खासदार नव्हता. ओल्ड सॅरम या जवळपास ओसाड टेकडीचे मात्र दोन होते.

माणसं शहरात गेली, जागा मागेच राहिल्या. नॉर्वेने १८५९ मध्ये संसदेच्या दोन तृतीयांश जागा ग्रामीण भागाला ठरवून दिल्या. गंमत अशी, की तेव्हा शहरं इतकी लहान होती की उरलेल्या एक तृतीयांशात त्यांचाच फायदा होता. शहरं फुगल्यावर पारडं फिरलं. नियम गेला तो १९५२ मध्ये.

अमेरिकेची गोष्ट याहून उघड. १९२०च्या जनगणनेत शहरी लोकसंख्या पहिल्यांदाच निम्म्यावर गेली, आणि काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्या जनगणनेनुसार जागावाटप केलंच नाही. टेनेसी राज्य तर १९०१ची मतदारसंघरचना साठ वर्षं कवटाळून बसलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९६२ च्या निकालाने असे दावे ऐकायला न्यायालयांची दारं उघडली. दोन वर्षांनी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी दुसऱ्या एका खटल्यात बजावलं, की लोकप्रतिनिधी माणसांचे असतात, झाडांचे किंवा एकरांचे नव्हेत. सिनेट हे अमेरिकी संसदेचं वरचं सभागृह मात्र या तत्त्वाबाहेरच आहे. तिथे लहानमोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा.

गाव म्हणजे उजवा विचार, हे समीकरणही पुरातन नाही. १८९२ मध्ये अमेरिकेतल्या गहू-कापूस पिकवणाऱ्यांचा पीपल्स पार्टी हा पक्ष रेल्वेच्या सरकारीकरणाची आणि चढत्या, म्हणजे उत्पन्नाबरोबर दर वाढणाऱ्या, आयकराची मागणी करत होता.

आता मतदारसंघ लोकसंख्येने बरेचसे समान झाले, तरी एका मतदारसंघात एकच विजेता असेल तिथे जुना तिढा सुटत नाही. शहरी पक्ष आपल्या बालेकिल्ल्यात प्रचंड मताधिक्याने जिंकतो आणि ती जादा मतं वाया जातात. ग्रामीण पक्ष थोड्या-थोड्या फरकाने जास्त जागा काढतो. प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, असलेल्या देशांत ही तफावत बरीच कमी दिसते.