दारू आणि अमली पदार्थांची चाचणी : बेळगाव भागात कशी करून घ्यावी आणि रिपोर्ट परत का येतात

उद्यमबागेतल्या फौंड्रीत, मच्छे-नावग्याच्या कारखान्यांत किंवा होनग्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागताना आता कितीतरी ठिकाणी ‘ड्रग टेस्ट’चा रिपोर्ट मागतात. जहाजावर जाणाऱ्या पोरांना तो लागतो, मोठ्या कंपनीच्या गाड्या चालवणाऱ्यांना लागतो, कधी कोर्टातल्या वादात एक बाजू दुसऱ्याकडे मागते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून अडकणारे थोडेच असतात. निगेटिव्ह असूनही तो परत येतो, तो वेगळ्याच कारणांनी : नमुना कोणाचा हे सिद्ध होत नाही, हवी ती तपासणीच केलेली नसते, किंवा नाव जुळत नाही. पैसे गेलेले असतात आणि कामावर हजर होण्याची तारीखही निघून जाते. म्हणून नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात सांगून अडणाऱ्या जागांवरच जास्त लिहितो.

रिपोर्ट वाचणार कोण, हे आधी ठरवा

लॅबमध्ये पाऊल टाकण्याआधी हा एक प्रश्न सोडवा. रिपोर्ट फक्त तुमच्या माहितीसाठी असेल तर कुठलीही बरी लॅब चालते. मेडिकल दुकानात मिळणारी पट्टीसुद्धा प्राथमिक अंदाज देते. पण त्या पट्टीचा फोटो कंपनीला पाठवून काही उपयोग नाही.

रिपोर्ट कंपनी, एजन्सी किंवा जहाज कंपनी वाचणार असेल तर त्यांना दोन गोष्टी लागतात : लॅबची मान्यता, आणि नमुना तुमच्या शरीरातून निघून मशिनपर्यंत कोणाकोणाच्या हातातून गेला याची लेखी नोंद. या नोंदीलाच लॅबवाले ‘चेन ऑफ कस्टडी’ म्हणतात. साध्या रक्त-लघवी तपासणीत ती ठेवत नाहीत. तुम्ही मागितली नाही तर कोणी आपणहून देणार नाही. जहाजावर जाणाऱ्यांनी तर गल्लीतल्या लॅबकडे जाऊच नये. डीजी शिपिंगने (केंद्र सरकारचे जहाज वाहतुकीचे खाते) मान्यता दिलेल्या डॉक्टरांची यादी असते, वैद्यकीय तपासणी त्यांच्याकडूनच करून घ्यावी लागते.

तिसरा वाचणारा म्हणजे पोलीस किंवा कोर्ट. इथे लोक सर्वांत जास्त हेलपाटे घालतात. “माझ्यावर दारू प्यायल्याचा खोटा आरोप आहे, मला सर्टिफिकेट द्या,” असे म्हणत सिव्हिलमध्ये जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात. सरकारी दवाखान्यात दारू प्यायल्याची वैद्यकीय-कायदेशीर तपासणी सहसा पोलिसांचे पत्र आल्यावर होते. डॉक्टर वास, चाल, बोलणे, डोळ्यांच्या बाहुल्या पाहून नोंद करतात, रक्त सीलबंद करतात आणि ते सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जाते. ती प्रयोगशाळा खासगी माणसाचा नमुना घेत नाही. हे सांगायला खिडकीवर दोन वाक्ये पुरतात, तरी माणसाला तीन खोल्या फिरवले जाते, याचा मला राग येतो. तुम्ही मात्र सरळ पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि माझी तपासणी आत्ताच करा अशी मागणी करा. आत्ताच का, ते पुढे सांगतो.

गाडी चालवताना पकडले असेल तर मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आहे. अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्या माणसाला सोडावे लागते. हे दोन तास अटकेपासून मोजायचे, ठाण्यात पोचल्यापासून नाही.

लॅब निवडताना

दारावर एनएबीएलची, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, पाटी आहे एवढ्यावर विसंबू नका. ही मान्यता लॅबला सरसकट मिळत नाही, ठरावीक तपासण्यांना मिळते. साखर-थायरॉईडसाठी मान्यता असलेल्या लॅबला अमली पदार्थांच्या तपासणीसाठी ती असेलच असे नाही. एनएबीएलच्या संकेतस्थळावर लॅबचे नाव टाकले की ‘स्कोप’, म्हणजे मान्यता मिळालेल्या तपासण्यांची यादी, दिसतो, त्यात ही तपासणी आहे का बघा. बेळगाव, चिक्कोडी, निपाणीतली बरीच केंद्रे फक्त नमुना गोळा करतात, तपासणी मोठ्या शहरातल्या मुख्य लॅबमध्ये होते. त्यात गैर काही नाही, पण मग मान्यता तिथल्या लॅबची बघायची, आणि वाटेचे दिवस हिशेबात धरायचे. शनिवारी दुपारनंतर दिलेला नमुना सोमवारपर्यंत तिथेच पडून राहू शकतो. जाण्याआधी फोन करून विचारा : नमुना कधी निघतो, चेन ऑफ कस्टडीचा फॉर्म आहे का, आणि पॉझिटिव्ह आल्यास खात्रीची तपासणी त्याच नमुन्यावर होते का.

पॅनेलमध्ये दारू नसते

ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी निम्मे काम झाले. पॅनेल म्हणजे एकाच नमुन्यात तपासायच्या पदार्थांचा संच. लघवीच्या ‘फाइव्ह पॅनेल’ किंवा ‘टेन पॅनेल’मध्ये गांजा, अफूजन्य पदार्थ, कोकेन, अँफेटामाइन, झोपेच्या गोळ्या असे गट असतात. दारू वेगळी सांगावी लागते. कंपनीच्या पत्रात ‘ड्रग अँड अल्कोहोल’ लिहिलेले असते, माणूस लॅबमध्ये ‘ड्रग टेस्ट’ एवढेच म्हणतो आणि अर्धाच रिपोर्ट घेऊन येतो. कंपनीचे पत्र काउंटरवर दाखवा, तोंडी सांगू नका.

दारूचे आणखी एक आहे. श्वासात किंवा रक्तात ती काही तासच सापडते, फार तर एक दिवस. लघवीतली ‘ईटीजी’ ही तपासणी दोन-तीन दिवसांपर्यंतचे पिणे पकडते. म्हणूनच ज्याच्यावर खोटा आरोप झाला आहे त्याने दुसऱ्या दिवशी रक्त देऊन काहीच सिद्ध होत नाही. गांजाचे उलटे : एखाद्या वेळी ओढला तर लघवीत तीनेक दिवस, रोज ओढणाऱ्याच्या महिनाभरही राहतो. केसांची तपासणी साधारण ९० दिवस मागचे दाखवते, मात्र गेल्या आठवड्यातले तिला दिसत नाही.

नमुना देताना

मूळ आधार किंवा लायसन्स, कंपनीचे पत्र, चालू औषधांच्या चिठ्ठ्या. एवढे कागद पुरतात, पण मूळच हवेत. मोबाइलमधला फोटो काही ठिकाणी चालवून घेतात आणि मग कंपनी तो रिपोर्ट मान्य करत नाही.

नावाचा घोळ आपल्या भागात जरा जास्तच. शाळेचा दाखला मराठीत, आधारवर कन्नड आणि इंग्रजी, वडिलांचे नाव एका कागदावर आहे तर दुसऱ्यावर नाही. चौगुले, देसूरकर अशा आडनावांची इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कारकुनाने आपापल्या परीने केलेली असते. लॅबचा माणूस घाईत पहिले नाव आणि आडनाव टाकून मोकळा होतो. पुण्यात बसलेला एचआरवाला ते आधारशी ताडून बघतो आणि परत पाठवतो. पैसे भरण्याआधी स्क्रीनवरचे नाव अक्षर न् अक्षर वाचा. आधारवर आहे तसेच, वडिलांच्या नावासकट. ओळखपत्राचा क्रमांक रिपोर्टवर यायला हवा, तेही सांगा.

संमतीचा फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असतो. वाचता येत नसेल तर सही करू नका. वाचून दाखवायला सांगा आणि सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा : ‘वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला व समजला. रिपोर्ट फक्त मला व अमुक कंपनीला द्यावा.’ यासाठी कोणी नमुना नाकारू नये. नाकारलाच तर दुसरीकडे जा.

लघवी तिथेच द्यायची. घरून बाटलीत नेलेली चालत नाही, किंवा रिपोर्टवर नमुना बाहेरून आणल्याचा शेरा येतो आणि मग तो कागद कंपनीच्या कामाचा राहत नाही. नीट काम करणारे केंद्र चार मिनिटांच्या आत नमुन्याचे तापमान बघते. ते साधारण ३२ ते ३८ अंशांच्या दरम्यान लागते. बाटली तुमच्या डोळ्यांसमोर सील व्हावी, सीलवर तुमची सही व्हावी. दोन बाटल्यांत भागून घेता येत असेल तर आग्रहाने घ्या, उद्या वाद झाला तर दुसरी बाटली कामी येते. रक्तात दारू बघायची असेल तर सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवू देऊ नका, साध्या जंतुनाशकाने पुसायला सांगा.

आणि कृपा करून तांब्याने पाणी पिऊन जाऊ नका. भट्टीजवळ काम करणारी माणसे तशीही खूप पाणी पितात, त्यात लघवी लवकर यावी म्हणून आणखी पितात. लघवी फार पातळ झाली, तिच्यातला क्रिएटिनिन हा नेहमीचा घटक २० च्या खाली गेला, की रिपोर्टवर ‘डायल्यूट’ येते. ज्याने आयुष्यात कशाला हात लावला नाही तोही मग संशयित ठरतो.

खसखस, खोकल्याचे औषध, भांग, तंबाखू

पहिली तपासणी ही चाळणी असते. तिच्यात पॉझिटिव्ह आले म्हणजे माणूस नशा करतो असे ठरत नाही. कोडीनचे खोकल्याचे औषध घेतले तर अफूजन्य गट पॉझिटिव्ह येतो. खसखस खाल्ल्यानेही येऊ शकतो, दिवाळीत अनारशावर आणि मसाल्यात ती असतेच. किती प्रमाणाच्या वर पॉझिटिव्ह धरायचे ती मर्यादा अमेरिकेत याच कारणाने १९९८ मध्ये मिलिलिटरला ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. इथे वापरल्या जाणाऱ्या पुष्कळ किटची मर्यादा अजून ३०० आहे, म्हणून रिपोर्टवरचा ‘कट ऑफ’, म्हणजे हीच मर्यादा, वाचा. डॉक्टरने दिलेली झोपेची गोळीही दिसणारच. अशा वेळी ‘जीसी-एमएस’ किंवा ‘एलसी-एमएस’ पद्धतीची खात्रीची तपासणी मागा आणि औषधाची चिठ्ठी जोडा. चिठ्ठी नमुना देण्याच्या आधीच्या तारखेची हवी. नंतर आणलेली कोणी मानत नाही.

भांगेबद्दल गैरसमज मोठा आहे. पानांची भांग अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाही हे खरे. पण चाचणीला कायदा कळत नाही. महाशिवरात्रीला घेतलेली भांग गांजा म्हणूनच उमटते.

निपाणी भागातले तंबाखू-विडी कामगार घाबरून विचारतात, त्यांना सांगतो : तंबाखू या पॅनेलमध्ये नसतो. विम्याच्या तपासणीत ‘कोटिनिन’ (तंबाखूतल्या निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) वेगळे बघतात. तिथे मात्र ओला तंबाखू हाताळल्यानेही आकडा चढू शकतो, म्हणून कामाचे स्वरूप फॉर्मवर आधीच लिहा.

मालक आणि कंत्राटदारांसाठी

खासगी कारखान्याने सर्व कामगारांची चाचणी घ्यावी असा सरसकट कायदा नाही. विमान वाहतूक, जहाज अशा क्षेत्रांचे स्वतःचे नियम आहेत. तुम्हाला घ्यायची असेल तर आधी लेखी धोरण करा : कोणाची, केव्हा, कोणत्या पद्धतीने, पॉझिटिव्ह आल्यावर काय. ते मराठी आणि कन्नड दोन्हींत फलकावर लावा. कारखान्याचे स्थायी आदेश (कामगारांच्या नोकरीच्या अटींचे लेखी नियम) असतील तर त्यांच्याशी जुळते का बघा. शिनोळीत कारखाना आणि कामगार बेळगावचे, अशी स्थिती असेल तर लागू होणारे कामगार नियम कारखान्याच्या ठिकाणचे, म्हणजे महाराष्ट्राचे. लॅब मात्र दोन्हीकडची चालते.

गेटवरच्या श्वास यंत्राचे एकक नीट बघा. काही यंत्रे रक्ताचा हिशेब दाखवतात, काही श्वासाचा. रक्तातले १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम म्हणजे श्वासात लिटरला साधारण ०.१५ मिलिग्रॅम. हे न कळल्यामुळे निर्दोष माणसाला घरी पाठवल्याची आणि प्यायलेल्याला क्रेनवर चढवल्याची अशी दोन्ही उदाहरणे होतात. यंत्राचे कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर मोजते का याची तपासणी, मुदतीत हवे. आकडा आला तर तोंड धुवायला लावून १५ मिनिटांनी दुसऱ्यांदा घ्या. दोन्ही आकडे, वेळ आणि साक्षीदाराची सही नोंदवहीत घ्या. आणि त्या माणसाला एकट्याला मोटारसायकलवर घरी पाठवू नका, घरच्यांना बोलवा.

अपघात झाला तर आधी उपचार, मग चाचणी, पण त्याच दिवशी. नुकसानभरपाईच्या कायद्यात कामगार नशेत होता ही सबब मालकाला मिळते, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर ती चालत नाही. बरेच कंत्राटदार हे अर्धेच वाक्य ऐकून बसलेले असतात आणि विधवेला हात हलवत परत पाठवतात. तो अन्याय आहे.

नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर काढून टाकणे टिकत नाही. खात्रीची तपासणी, नोटीस, बाजू मांडायची संधी आणि चौकशी, हे सगळे व्हावे लागते. रिपोर्ट फलकावर लावणे किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणे तर कधीच नाही.

मुदत

‘४८ तासांत चाचणी’ असे पत्रात असेल तर सहसा नमुना ४८ तासांत द्यायचा असतो, रिपोर्ट नाही. तरी लेखी विचारून घ्या. ‘३० दिवसांच्या आतला रिपोर्ट’ असेल तर दिवस नमुना घेतल्याच्या तारखेपासून मोजतात, रिपोर्ट छापल्याच्या नाही.

घरच्या मुलासाठी विचारणाऱ्यांना

अठरा पूर्ण झालेल्या मुलाची चाचणी त्याच्या संमतीशिवाय होत नाही. झोपेत असताना नमुना मिळवून आणणारे आईवडील बघितले की वाईट वाटते, पण लॅबने तो घेऊ नये हेच बरोबर. मुलाला चाचणीला न्यायच्या आधी मानसोपचार तज्ज्ञाकडे न्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही येतात, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे त्या कायद्याने बंधनकारक आहे. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला तर अमली पदार्थ कायद्याचे कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते, फक्त उपचार पूर्ण करावे लागतात. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत. मानसिक आरोग्याची आपल्याला जवळची मोठी सरकारी संस्था म्हणजे धारवाडची डिमहान्स. तिथे जाताना आधार आणि आधीच्या उपचारांचे कागद बरोबर ठेवा.