क्षणिक रेडिओ स्फोटांचा शोध

क्षणिक रेडिओ स्फोट हे बहुतांशी दूरच्या दीर्घिकांतून येणारे आणि काही मिलिसेकंदच टिकणारे तीव्र रेडिओ स्पंद होत. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने २००१ मध्ये टिपलेल्या नोंदी डंकन लॉरिमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर पुन्हा तपासल्या, तेव्हा असा पहिला स्फोट हाती लागला. २००७ मध्ये तो जाहीर झाला. त्या नोंदी जपून ठेवल्या होत्या म्हणूनच हे शक्य झाले. आजच्या दुर्बिणींना सगळे साठवणे परवडत नाही.

स्फोटाची मुख्य खूण म्हणजे अपस्करण. वाटेतील मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे कमी कंप्रतेच्या लहरी मागे पडतात आणि हा विलंब कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लॉरिमर यांचा स्फोट ८०० ते ४०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात पाहिला असता, तर वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत उतरायला त्याला सुमारे सात सेकंद लागले असते. वाटेत इलेक्ट्रॉन किती आहेत हे आधी ठाऊक नसल्याने विलंबाची हजारो संभाव्य मूल्ये धरून प्रत्येक वेळी लहरी पुन्हा जुळवून पाहाव्या लागतात.

कॅनडातील चाइम ही दुर्बीण याच पट्ट्यात काम करते. तिचे चार अर्धनलिकाकार परावर्तक जागचे हलत नाहीत. पृथ्वी फिरते तसे आकाश त्यांच्यावरून सरकते. स्फोटशोधासाठी तेथे १,०२४ दिशांचे संकेत प्रत्येकी १६,३८४ कंप्रता-भागांत, दर मिलिसेकंदाला मोजले जातात. म्हणजे सेकंदाला सुमारे १,७०० कोटी आकडे. मूळ संकेत स्मृतीत काही सेकंदच राहतात आणि नव्या नोंदी त्यांवर चढत जातात, म्हणून काय ठेवायचे हे संगणकाने तेवढ्यातच ठरवावे लागते. या साऱ्या खटाटोपातला सर्वांत नाजूक भाग हाच.

मानवनिर्मित व्यत्ययही फसवतो. पार्क्सला अधूनमधून दिसणारे काही स्पंद आवारातील मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार तो चालू असतानाच उघडल्याने उमटत होते, हे २०१५ मध्ये उलगडले. ते एकाच वेळी अनेक दिशांत दिसत, आणि दूरचा खरा स्फोट सहसा तसा दिसत नाही.

२८ एप्रिल २०२० रोजी आपल्याच आकाशगंगेतील एका मॅग्नेटारकडून, म्हणजे अतितीव्र चुंबकीय क्षेत्र असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याकडून, असा स्फोट आल्याचे चाइम व अमेरिकेतील स्टेअर-२ ही रेडिओ ग्राहक-यंत्रणा यांनी नोंदवले. सुमारे १६ दिवसांच्या आवर्तनाने सक्रिय होणाऱ्या एका स्रोताचे स्पंद जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही टिपले आहेत. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या दूरदूर पसरलेल्या असल्याने स्फोटाचे आकाशातील नेमके स्थान ठरवण्यास ही दुर्बीण विशेष उपयुक्त आहे.